चेंदवणकरांच्या ओट्यावरचं बटण

रवळनाथ कृपा सोसायटीच्या जिन्याखाली एक काचेची पेटी आहे. तिला इवलंसं पितळी कुलूप, आणि त्या कुलपाची एकुलती एक किल्ली परशुराम चेंदवणकरांच्या जुडग्यात. डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, सोळा बिऱ्हाडांची ही चार मजली बिल्डिंग. लिफ्ट नाही, गच्ची गळते, पंप महिन्यातून दोनदा रुसतो. पण नोटीस बोर्ड असा की कोर्टानं येऊन बघावं आणि खाली मान घालून जावं.

चेंदवणकरांनी नौपाड्यातल्या एका वकिलाकडे चौतीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढली. वकील गेले, ऑफिस गेलं, पण भाषा काकांच्या अंगाला चिकटून घरी आली. सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यापासून ते नोटिशीत ‘मी’ म्हणत नाहीत. ‘निम्नस्वाक्षरीकारास असे आढळून आले आहे की, दुसऱ्या मजल्यावरील काही सभासद आपली पादत्राणे जिन्यात काढतात.’ दुसऱ्या मजल्यावर जिन्यात पादत्राणं काढणारी एकच बाई, गंगुबाई, आणि तिच्या पादत्राणांची संख्या दोन. तरी ‘काही सभासद’. पोरंटोरं पाठीमागे त्यांना निम्नकाका म्हणतात. काकांना ते ठाऊक आहे. त्यांना त्यात थोडा मानही वाटतो.

मान त्यांनी कमावलेलाच होता म्हणा. मेंटेनन्सचा चेक एक तारखेला. सभेत सोसायटीच्या खर्चानं चहा आला तर सगळे पितात, काका पीत नाहीत; त्यांचा कप त्यांच्या पत्नी, विनिताकाकू, वरून, झाकण घालून, वेगळा पाठवतात. “फुकटचं पाणीसुद्धा मला पचत नाही,” हे वाक्य त्यांनी दर वार्षिक सभेत एकदा तरी म्हटलेलं आहे. इतिवृत्तातही असेल. इतिवृत्त तेच लिहितात.

आणि इथंच ती भानगड होती.

चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, फ्रीजच्या बाजूला एक जुनं काळं लोखंडी बटण होतं, मेन स्विचसारखं, वर केलं की चालू, खाली ओढलं की बंद. त्याखाली पांढऱ्या पट्टीवर मार्करनं लिहिलेलं, ‘बंद करू नये. धाकू केबल.’ त्या बटणातून एक वायर खिडकीच्या वरच्या भोकातून गच्चीवर जायची आणि तिथल्या पत्र्याच्या पेटीला वीज द्यायची. त्या पेटीतून रवळनाथ कृपाला आणि शेजारच्या दोन बिल्डिंगींना आधी टीव्ही आणि मग इंटरनेट. केबलवाल्यांची ही पद्धत सगळीकडचीच. गच्चीवरच्या पेटीला मीटर कोण देणार? मग वरच्या मजल्यावरच्या एका घरातून वीज घ्यायची, आणि बदल्यात त्या घराला कनेक्शन फुकट. कागद नाही, सही नाही. धाकू भोईरनं एकोणीस वर्षांपूर्वी ओट्याशी उभं राहून विचारलं, काकांनी मान हलवली, झालं.

पण ‘फुकटचं पाणी पचत नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या घरी केबल फुकट, हे बिल्डिंगीला कळलं तर? पहिल्याच महिन्यात काकांनी धाकूला दारात गाठून हळूच सांगितलं होतं, की बाबा, बाकीच्यांकडे जातोस तसाच माझ्याकडेही येत जा. बरं दिसतं ते. धाकू हुशार माणूस. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला तो सगळी दारं घेत वर यायचा, समोरच्यांचं दार उघडं असताना चेंदवणकरांची बेल मारायचा, स्टुलावर बसून पाणी प्यायचा आणि पावती फाडायचा. काका जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, “पाचशेचे सुटे आहेत का रे?” खिशातून पाचशेची नोट काही निघायची नाही. धाकूही तितक्याच मोठ्यानं म्हणायचा, “हायत ना काका.” एकोणीस वर्षं हे नाटक चाललं, एकही प्रयोग रद्द न होता. गंमत पुढेच आहे. काकांनी त्या सगळ्या पावत्या फाइल करून ठेवल्या. कारकुनाचा हात, त्याला कागद टाकवत नाही. वर्षानुवर्षं त्या फाइलीकडे बघून बघून काकांनाच वाटायला लागलं होतं, की आपण पैसे भरतो.

मग धाकूनं केबल विकली.

त्याचे गुडघे गेले होते. पंचवीस बिल्डिंगींच्या गच्च्या, एकीलाही लिफ्ट नाही. मुलगा देवेश ठाण्यात नोकरीला, त्याला वायरींत रस नाही. ठाण्याची एक कंपनी आजूबाजूच्या सगळ्या केबलवाल्यांचं जाळं विकत घेत होती, तिला धाकूनंही आपलं दिलं. आणि तो निरोप घ्यायला घरोघर आला, हातात पेढ्यांचा डबा. आता कंपनी बघेल, पण काही अडलं तर मला फोन करा, असं प्रत्येक दारात सांगत. चेंदवणकरांच्या दारात तो जरा जास्त वेळ थांबला. ओट्याकडे नजर टाकून म्हणाला, की कंपनीच्या माणसाला तुमच्या बटणाचं बोललोय, ते बघतील. काकांनी पेढा खाल्ला. दुसरा विनिताकाकूंसाठी म्हणून घेतला आणि तोही खाल्ला.

कंपनीनं काय बघितलं ते पुढच्या दोन महिन्यांत सगळ्यांनी बघितलं. गंगुबाईचा कीर्तनाचा चॅनल गेला आणि त्या जागी मासे पकडण्याचा आला. तिसऱ्या मजल्यावरच्या मुकुलला एकाच महिन्यात तीन वेगवेगळे प्लॅन लागले आणि तिन्हींत नेट तेवढंच हळू. पूर्वी नेट गेलं की खिडकीतून खाली हाक मारली तरी धाकूचा माणूस शिडी घेऊन यायचा. आता फोन लावायचा, एक दाबा, चार दाबा, मग एक बाई हिंदीत सांगणार की आपला कॉल आमच्यासाठी फार मोलाचा आहे, आणि त्या मोलाच्या कॉलला पंचवीस मिनिटं बासरी ऐकवणार. शेवटी तक्रारीचा अकरा आकडी नंबर हातात. नंबर पाठ होईपर्यंत तक्रार बंद केल्याचा मेसेज.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिमगा सुरू झाला. कंपनीला शिव्या देऊन उपयोग नव्हता, ती ग्रुपवर नव्हती. मग शिव्यांची गाडी धाकूकडे वळली. त्या भरात एका संध्याकाळी काकांनी, चष्मा पुसून, एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘ज्यांनी आधी शेते विकली, त्यांनी पुढे वायरी विकल्या, यात नवल ते काय?’

हसरे चेहरे धडाधड आले. मुकुलनं लिहिलं, काका ऑन फायर. काका झोपाळ्यावर बसून ते चेहरे मोजत होते, तेव्हा विनिताकाकूंनी सहज विचारलं, “धाकू आहे ना हो या ग्रुपवर?”

होता. केबलच्या तक्रारींसाठी काकांनीच कधीतरी त्याला घेतलं होतं. तो काही बोलला नाही. ग्रुप सोडूनही गेला नाही. काकांनी दोन दिवस वाट पाहिली, मग ठरवलं की त्यानं वाचलंच नसावं.

पंधरा दिवसांनी चेंदवणकरांचा टीव्ही बंद पडला. नेटही. बाकी सगळ्या बिल्डिंगीत चालू, फक्त त्यांच्याकडे अंधार. बासरी ऐकून झाली, नंबर मिळाला, मग मेसेज आला, की असं कनेक्शन अस्तित्वात नाही. काका चवताळले. फाइल काखोटीला मारून नौपाड्यात गेले. कंपनीचं ऑफिस त्यांच्या जुन्या वकिलांच्या ऑफिसापासून दोन गल्ल्यांवर. तिथं आता काच, थंडी आणि टोकन. एक्केचाळीस नंबर लागायला सव्वा तास गेला. खिडकीतली मुलगी सभ्य होती, तेच जास्त लागलं. तिनं नाव विचारलं, पत्ता विचारला, म्हणाली, “सर, सिस्टममध्ये तुमचं नावच नाही.”

काकांनी एकोणीस वर्षांच्या पावत्या काचेखालून सरकवल्या. तिनं चार-पाच नंबर टाकून पाहिले. मग तिनं शेजारच्याला विचारलं, त्यानंही टाकून पाहिले. मुलगी पावत्यांचा गठ्ठा नीट सारखा करत म्हणाली, की सर, जुन्या मालकाच्या रेकॉर्डमध्येही या नंबरांवर कधी पैसे जमाच झालेले नाहीत. तुम्हाला कुणीतरी खोट्या पावत्या दिल्यात, तुम्ही पोलिसांत जा.

मागे रांग होती. मागचा माणूस डोकावून पावत्या बघत होता. काय सांगायचं? की या खोट्या पावत्या मीच मागून घेतल्यात? बटणाचं सांगितलं असतं तर कदाचित कामही झालं असतं. पण ते सांगायला तोंड उघडलं आणि एवढंच निघालं, की ठीक आहे, बघतो मी. त्यांनी गठ्ठा उचलला. उचलताना दोन पावत्या आतल्या बाजूला पडल्या, त्या मुलीनं वाकून दिल्या आणि वर ‘हॅव अ नाइस डे’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, विनिताकाकू भाजीला गेलेल्या असताना, ते ओट्याशी उभे राहिले. वीज माझी, घर माझं, आणि सिस्टममध्ये नाव नाही? सिस्टम चालते कशावर ते तरी कळू दे. काळ्या बटणावर अंगठा ठेवून त्यांनी ते खाली ओढलं. खटाक.

आणि काहीच झालं नाही.

काका जिन्यात जाऊन कान देऊन आले. खालच्या मजल्यावर टीव्ही चालूच. गच्चीवरच्या पेटीत बॅटरी असते, वीज गेली तरी पाच-सहा तास तग धरते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आपल्या रागालासुद्धा कुणी जुमानत नाही, असं म्हणत ते पडून राहिले. बटण वर करावंसं वाटलं नाही. ज्यानं काही बंद पडत नाही, ते चालू तरी कशाला करायचं.

संध्याकाळी साडेसातला तीन बिल्डिंगी एकदम गप्प झाल्या. मालिका चालू असताना चाळीसेक घरं गप्प होणं म्हणजे काय, ते ऐकल्याशिवाय कळत नाही. पाच मिनिटांत चेंदवणकरांच्या दारात नऊ माणसं. काका, तुम्हीच काहीतरी करा. काका, तुमच्याशिवाय कोण बोलणार कंपनीशी. त्या क्षणी आत जाऊन बटण वर केलं असतं तर? पण स्वयंपाकघर हॉलमधून सरळ दिसतं, आणि ते बटण काही गुपचूप लागणारं नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, काकांना बरं वाटत होतं. महिनाभरात पहिल्यांदा त्यांच्याकडे सगळे आशेनं बघत होते. त्यांनी चष्मा चढवला आणि अर्ज सांगायला घेतला. ‘अक्षम्य हलगर्जीपणा’ हे शब्द त्यांनी असे उच्चारले की मुकुलनं लिहिता लिहिता वा म्हटलं. रात्रीच्या शांततेत तो खटका विनिताकाकूंना ऐकू गेला असता; सकाळी सगळे कामाला आणि काकू बाहेर गेल्या की बटण वर करायचं, कंपनीनं घाबरून दुरुस्त केलं म्हणायचं, असा त्यांनी मनाशी बेत केला.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर योगिनीचा मेसेज आला. योगिनी म्हणजे गंगुबाईची नात. आईवडील संगमेश्वरला, ही आजीकडे राहून शिकलेली, चार महिने नोकरी शोधत असलेली. तिनं लिहिलं होतं, की उद्या अकराला माझा बंगलोरच्या कंपनीचा इंटरव्ह्यू आहे, घरात मोबाइलची रेंज मेसेजपुरतीच येते, प्लीज कोणीतरी बघा ना. काकांनी उत्तर दिलं, ‘पाठपुरावा चालू आहे.’

बुधवारी सकाळी साडेनऊला मुकुल अर्ज घेऊन हजर. त्याच्यामागे शेजारच्या बिल्डिंगींचे दोघं, त्यांनाही सह्या करायच्या होत्या. विनिताकाकूंनी चहा टाकला. दहा वाजले. आणखी दोघं आले. साडेदहा. काका तीनदा पाणी प्यायला म्हणून उठले आणि तीनदा ओट्यापाशी जाऊन नुसते पाणी पिऊन आले, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी त्यांच्याकडे बघत होतं.

अकराला पाच कमी असताना दाराबाहेर पावलं वाजली. चौथ्या मजल्यावरून गच्चीकडे जाणारा जिना चेंदवणकरांच्या दाराला लागूनच आहे, आणि अख्ख्या बिल्डिंगीत व्हिडिओ चालेल इतकी मोबाइलची रेंज तेवढ्या तीन पायऱ्यांवर येते. योगिनी तिथं बसली होती, मांडीवर लॅपटॉप, शेजारी फोन, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली घरातली सलवार. दार अर्धं उघडं होतं. हॉलमधले सगळे कान देऊन बसले.

“गुड मॉर्निंग सर. येस सर.” मग पलीकडचा आवाज तुटला. “हॅलो? सर, कॅन यू हिअर मी? सॉरी सर, माझं नेट… हॅलो?”

तिसऱ्यांदा ‘हॅलो’ आलं तेव्हा काका उठले. या वेळी पाण्याचं नाटक केलं नाही. सरळ ओट्यापाशी गेले आणि बटण वर केलं. खटाक. मुकुलनं हॉलमधून विचारलं, काय झालं काका? काका म्हणाले, फ्रीज.

मुकुलनं लगेच मोबाइल काढून वायफाय बघितलं, सवयीनं. नाही आलं. काका ओट्याला टेकून उभे राहिले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बाहेर योगिनी आता बोलत नव्हती. मग लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला आणि पावलं खाली गेली. नेट आलं नाही. बॅटरी तळापर्यंत उतरली होती, आणि वीज एकदम सुरू झाली तशी पेटीतला फ्यूज उडाला होता. बंद करणं त्यांच्या हातात होतं. चालू करणं आता नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची दोन माणसं आली. गच्चीवर जाऊन त्यांनी पेटीचा फोटो काढला, हा डबा आमचा नाही, जुन्यावाल्याचा आहे म्हणाले आणि गेले. तासाभरानं मेसेज आला, की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.

शुक्रवारी सकाळी विनिताकाकू ओटा पुसत होत्या. एकोणीस वर्षांची फोडणी त्या काळ्या बटणावर बसलेली होती, तेलकट आणि दाट. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. त्यांनी पेपर वाचणाऱ्या नवऱ्याकडे न बघताच म्हटलं, “बटणावर तुमचा अंगठा उमटलाय.”

काकांनी पेपर उलटला. उलटलेलं पान जाहिरातींचं होतं, तरी ते वाचत राहिले.

“मी धाकूला फोन केलाय,” काकू म्हणाल्या. “येतो म्हणाला.”

धाकू अकराला आला. चार मजले चढायला त्याला पाऊण तास लागला. गुडघ्यांमुळे तो प्रत्येक माळ्यावर पायरीवर बसायचा, आणि बसला की दारं उघडायची. लोक त्याला कंपनीची गाऱ्हाणी सांगायचे, जणू विकलंच नव्हतं त्यानं. गंगुबाईनं कीर्तनाचं विचारलं. मुकुलनं प्लॅनचं. ज्यांनी ग्रुपवर हसरे चेहरे टाकले होते त्यांनी पाणी दिलं. धाकू सगळ्यांना हो हो म्हणत वर आला. काका दारात उभे होते. त्यांना एवढंच सुचलं, की ये, बस. धाकू बसला नाही. आधी गच्चीवर गेला.

वर त्यानं पेटी उघडली, बॅटरी हातानं चाचपली, फ्यूज काढून उन्हात धरून बघितला. मग खाली येऊन सरळ स्वयंपाकघरात. मागोमाग मुकुल, योगिनी, समोरचे, खालचे, हॉल भरला. धाकू बटणासमोर उभा राहिला. काकूंनी ते पुसलेलं नव्हतं. तेलाच्या थरात अंगठा स्वच्छ दिसत होता. वर ढकलताना जाड बोटांनी ओरबाडलेलं होतं तेही दिसत होतं. धाकूनं एकदा बटणाकडे बघितलं आणि एकदा काकांकडे. काकांना वाटलं, आता हा बोलणार. त्याचा हक्कच आहे. आणि, कसं कोण जाणे, त्यांना थोडं हलकंही वाटलं.

“काय झालेलं धाकूशेठ?” मुकुलनं विचारलं.

“उंदीर,” धाकू म्हणाला. “वरती उंदरानं वायर कुरतरली. मोठा व्हता.”

खिशातून नवा फ्यूज काढून तो पुन्हा वर गेला आणि दहा मिनिटांत तीन बिल्डिंगींत टीव्ही बोलायला लागले. लोकांनी उंदराला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, धाकूच्या पाठीवर थापा मारल्या. मुकुलनं तिथल्या तिथं ग्रुपवर टाकलं, ‘चेंदवणकर काकांच्या अथक पाठपुराव्यामुळे सेवा पूर्ववत.’ टाळ्या वाजवणारे हात आले. काकांच्या खिशात फोन थरथरत राहिला.

सगळे पांगल्यावर विनिताकाकूंनी धाकूला चहा दिला आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. काका समोर बसले. चौतीस वर्षं दुसऱ्यांसाठी माफीपत्रं टाइप केली होती त्यांनी. एकाचीही सुरुवात आठवेना.

“धाकू, तू खोटं का बोललास?”

धाकूनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. “एकोनीस वर्सं पावती फारली ना तुमच्या दारात. मंग आता एक उंदीर मारला त काय जाला?”

काका हसले नाहीत. “मी ग्रुपवर ते लिहिलं होतं… शेताचं. तू वाचलंस?”

“वाचला.” धाकू बशी तोंडाला लावून शांतपणे प्यायला. “काका, ह्यी तुमची बिल्डिंग हाय ना, ती आमच्या खाचरावर हाय. ह्या किचनच्या खाली बांध व्हता. माझ्या बापानं शेत इकला, म्हनून तुमाला घर भेटला. मी काय बोलू?”

तो उठला. दारात चपला घालताना गुडघ्यावर हात ठेवून थोडा थांबला आणि म्हणाला, “राग आला त मना फोन करत जा. बटन नको.” मग एकेक पायरी, कठडा धरून, उतरत गेला. त्याचं उतरणं काकांना चौथ्या मजल्यावर बसून तळमजल्यापर्यंत ऐकू आलं.

तरीही काका गप्प बसले असते. बसले असतेच, माणूस स्वतःला काय काय समजावतो. उंदीर सगळ्यांनी मान्य केला होता, धाकू बोलणार नव्हता, काकू बोलत नव्हत्याच. पण सोमवारी जिन्यात योगिनी भेटली. हातात दुधाच्या पिशव्या. काकांनी विचारलं, कारण न विचारता पुढे जाणं फार वाईट दिसलं असतं.

“नाही झालं काका,” ती म्हणाली. “मेल आलेला सकाळी. तसं नेट असतं तरी झालंच असतं असं काही नाही.” मग पायरीवर पाऊल टाकता टाकता हसली. “उंदराचं नशीब बरं, त्याला निदान पोटभर मिळालं.”

त्या दिवशी काका जेवले नाहीत. काकूंनी आग्रह केला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. संध्याकाळी त्यांनी जुना टाइपरायटर काढला. तीन कागद फाटले. चौथा कागद मंगळवारी सकाळी काचेच्या पेटीत लागला.

‘समस्त सभासदांस कळविण्यात येते की, गेल्या आठवड्यात खंडित झालेली केबल व इंटरनेट सेवा उंदरामुळे अथवा कंपनीमुळे खंडित झाली नसून, निम्नस्वाक्षरीकाराच्या स्वयंपाकघरातील बटण निम्नस्वाक्षरीकाराने रागाच्या भरात बंद केल्यामुळे खंडित झाली. सबब कंपनीविरुद्धचा अर्ज मागे घेण्यात येत आहे. तसेच निम्नस्वाक्षरीकारास गेली एकोणीस वर्षे सदर कनेक्शन विनामूल्य होते. श्री. धाकू भोईर यांच्याविषयी ग्रुपवर करण्यात आलेले विधान अशोभनीय असून ते विनाअट मागे घेण्यात येत आहे.’

नोटीस लावून काका वर गेले आणि दाराशी कान देऊन बसले. आता येतील. शिव्या देतील, राजीनामा मागतील. मंगळवार गेला. कुणी आलं नाही. बुधवारी त्यांनी भाजी आणायच्या निमित्तानं चार खेपा केल्या. लोक नोटिशीसमोरून जात होते, एकानं तर काचेत बघून भांग पाडला. गुरुवारी मुकुलनं जिन्यात अडवून विचारलं, की काका, पंपाचं काय झालं? वर्षानुवर्षं चपला आणि थुंकण्यावर इतक्या नोटिसा लावल्या होत्या काकांनी, की रवळनाथ कृपात आता कुणी त्या पेटीकडे बघतच नव्हतं. आयुष्यातली एकमेव खरी नोटीस लावली आणि वाचायला माणूस नाही. पुन्हा लपल्यासारखंच झालं, आणि या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात योगिनी. जिना धावत चढली असावी, धाप लागली होती.

“काका, खाली ते तुम्ही लावलंय ना? आजीच्या चपलांचं काही आहे का म्हणून बघायला गेलेले.”

काकांनी मान हलवली.

“त्यातलं ते निम्नस्वाक्षरीकार. म्हणजे तुम्हीच ना?”

तिला ठाऊक होतं. बिल्डिंगीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. काकांनी दाराची चौकट धरली. तिच्या मागे गच्चीकडे जाणाऱ्या त्या तीन पायऱ्या दिसत होत्या.

“हो,” ते म्हणाले. “मी. मी बंद केलं. तू इथं बसलेलीस तेव्हा ते बंदच होतं, आणि मला माहीत होतं.”

 डोळे भरले असतील तर योगिनीनं ते दाखवले नाहीत. वळून दोन पायऱ्या उतरली, मग तिथूनच, मागे न बघता म्हणाली, “मग तसं लिहा ना, काका.”

तिच्या पावलांचा आवाज दुसऱ्या मजल्यावर थांबला, दार लागलं. काकांनी जुडगा घेतला, खिशाला पेन लावलं आणि खाली उतरले. पेटीचं कुलूप उघडलं. उभ्यानंच, काचेच्या कडेला कागद टेकवून, त्यांनी पहिला ‘निम्नस्वाक्षरीकार’ खोडला आणि वर लिहिलं, ‘माझ्या’. दुसऱ्यावर, ‘मी’. अक्षर पहिलीतल्या पोराचं आलं.

मुकुल कोथिंबिरीची जुडी घेऊन बाजारातून येत होता. काका पेटी उघडून नोटिशीत काहीतरी खोडताहेत हे कधी न पाहिलेलं दृश्य बघून तो थांबला आणि त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागला. काकांना त्याचा श्वास मानेवर जाणवला. तो कुठल्या ओळीवर आहे तेही कळत होतं. अजून एक ‘निम्नस्वाक्षरीकारास’ बाकी होता, कनेक्शनच्या ओळीतला. काकांनी तोही खोडला.